अरोवानानं तोंड फिरवलं की आधी थर्मामीटर पाहा

संक्रांतीच्या आसपास ग्वाल्हेरात धुकं उतरतं, दुपारपर्यंत ऊन दिसत नाही, भिंती गार पडतात. मग अरोवाना, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, पीकॉक बास किंवा रेडटेल कॅटफिश पाळलेल्या घरांत एकच तक्रार सुरू होते: मासा खात नाही. पाठोपाठ दुकानातून निळं औषध येतं, पिवळी पावडर येते, पिशवीभर जिवंत गोल्डफिश येतात. यातलं काहीही टाकीत जाण्याआधी पाण्यात थर्मामीटर बुडवा. मोठा शिकारी मासा जेवायचं थांबला तर दहापैकी बहुतेक वेळा कारण पाण्यात असतं आणि अन्न बदलून ते सुटत नाही. घाईनं केलेल्या उपायांनी मात्र धडधाकट मासा खरोखर आजारी पडतो.

आपल्या शहराचं हवामान या माशांसाठी फार कठीण आहे. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो आणि जानेवारीच्या रात्री ४-५ अंशांपर्यंत उतरतो. यातले बहुतेक मासे मूळचे अॅमेझॉनच्या खोऱ्यातले किंवा आग्नेय आशियातले. तिथलं पाणी बाराही महिने २५ ते ३० अंशांच्या आसपास राहतं. माशाचं रक्त पाण्याइतकंच गार किंवा गरम असतं, त्यामुळे पाणी १० अंशांनी उतरलं की शरीरातला सगळा कारभार साधारण निम्म्यावर येतो. पाचक रस कमी सुटतात, आतडं संथ चालतं. २८ अंशांना एक-दीड दिवसात पचणारा कोळंबीचा तुकडा २० अंशांना पोटात कितीतरी जास्त वेळ पडून राहतो. मासा तोंड फिरवतो ते शहाणपणानंच. अशा वेळी चिमट्यानं नाकासमोर जिवंत मासा नाचवून त्याला गिळायला लावलं तर तो घास पोटात कुजतो, मासा फुगतो किंवा दोन दिवसांनी अर्धवट पचलेला गोळा उलटून टाकतो आणि पाणी नासतं.

ढोबळ हिशोब असा ठेवा. २६ ते २९ अंश असताना नेहमीचं जेवण. २४-२५ अंशांना निम्मं. २२च्या खाली काहीही देऊ नका, आधी पाणी वर आणा. १८च्या खाली मासा तळाशी बसतो आणि १५च्या खाली प्रश्न भुकेचा राहत नाही, जिवाचा होतो. काचेवर चिकटवायची रंग बदलणारी पट्टी खोलीची हवाही मोजते, तिच्यावर विसंबू नका. वायरच्या टोकाला प्रोब असलेला डिजिटल थर्मामीटर घ्या आणि तळाशी व वर, दोन ठिकाणी, सकाळी सहाला आणि दुपारी तीनला मोजा. वर-खाली दोन अंशांचा फरक दिसला तर पाणी फिरत नाहीये.

हीटरचं गणित इथे बहुतेकांचं चुकतं. ६ बाय २ बाय २ फुटांच्या टाकीत साधारण ६०० लिटर पाणी मावतं. तेवढं पाणी १ अंश चढवायला सुमारे ०.७ युनिट वीज लागते. खोली १० अंशांवर असेल आणि पाणी २७वर ठेवायचं असेल तर काचेतून सतत उष्णता जात राहते, म्हणून 'लिटरला १ वॅट' हा नियम या आकाराला जेमतेम पुरतो आणि उघड्या टाकीला पुरतच नाही. ३०० वॅटचे दोन हीटर लावा, ६०० वॅटचा एक नको. एक बंद पडला तर दुसरा पाणी २०-२१ला तरी धरून ठेवतो. एक चालूच अडकला तरी ३०० वॅटमध्ये इतकं मोठं पाणी एका रात्रीत उकळत नाही. वर झाकण आणि मागच्या व दोन्ही बाजूंच्या काचांना एक इंची थर्मोकोल लावलं की हीटरचा चालू राहण्याचा वेळ चांगलाच घटतो. वीजबिल जड जात असेल तर पाणी २५ला स्थिर ठेवून जेवण निम्मं करा. दिवसा २९ आणि रात्री हीटर बंद करून २१, हा प्रकार सगळ्यात वाईट. ज्या घरांत असं चालतं तिथला मासा एक दिवस खातो, दोन दिवस नाही, आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

काचेचा हीटर मोठ्या माशाच्या टाकीत उघडा ठेवू नका. ऑस्कर तो उपटतो, कॅटफिश त्याला चिकटून झोपतो आणि भाजतो, शेपटीच्या फटक्यानं नळी फुटते. संप (फिल्टरसाठी खाली ठेवलेली वेगळी टाकी) असेल तर हीटर संपमध्ये, नसेल तर छिद्रं पाडलेल्या पीव्हीसी पाईपात. पाणी बदलताना प्लग काढायचा, कारण उघडा पडलेला तापलेला हीटर पुन्हा पाण्यात बुडाला की तडकतो.

आणि पाणी बदलणं. ६०० लिटरच्या टाकीतून चौथा हिस्सा, म्हणजे १५० लिटर काढून नळाचं १४ अंशांचं पाणी भरलं तर २८ अंशांचं पाणी एका झटक्यात २४.५वर येतं. गेलेले साडेतीन अंश परत मिळवायला ६०० वॅटच्या हीटरला चार तासांहून जास्त लागतात. 'रविवारी पाणी बदललं, सोमवारपासून खात नाही' याचा उलगडा बऱ्याचदा एवढाच असतो. हिवाळ्यात एका वेळी १० टक्के बदला, आठवड्यातून दोनदा, आणि नवं पाणी ड्रममध्ये वेगळ्या हीटरनं २६ला आणून. जेवणाची वेळही सकाळची दुपारी दोनवर न्या.

मार्च महिन्याकडे कुणी लक्ष देत नाही, पण वर्षातला तो सगळ्यात फसवा महिना आहे. होळीच्या सुमारास पाणी आपोआप तापायला लागतं आणि दोन महिने अर्धपोटी राहिलेला मासा खवळून खायला लागतो. मालक खूश होतो, रोज मूठभर टाकतो. आठ-दहा दिवसांत मासा पुन्हा थंड पडतो, श्वास भरभर घेतो, कोपऱ्यात उभा राहतो. झालेलं असतं असं: माशाच्या मलमूत्रातून येणारा विषारी अमोनिया खाणारे फिल्टरमधले जिवाणू तेवढेच जगतात जेवढं त्यांना खायला मिळतं. हिवाळ्यात जेवण कमी, म्हणून मलमूत्र कमी, म्हणून जिवाणूही कमी. ती वसाहत परत वाढायला दोन-तीन आठवडे लागतात, माशाची भूक मात्र चार दिवसांत वाढते. त्यामुळे वाढलेली भूक दिसली तरी पहिला आठवडा नेहमीच्या निम्मं, दुसरा आठवडा पाऊण, मग पूर्ण. दर तिसऱ्या दिवशी थेंबांच्या टेस्ट किटनं अमोनिया पाहा. पट्ट्यांचं किट स्वस्त पडतं, पण त्यांवरचा रंग वाचण्यात चूक होते आणि बऱ्याच पट्ट्यांवर अमोनियाचा चौकोनच नसतो.

अमोनिया किती घातक हे पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्यावर, ठरतं. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच भाग ५ टक्क्यांच्या वर जातो आणि ३० अंशांना सुमारे साडेसात टक्के होतो. इथल्या बोअरचं पाणी जड असतं आणि त्याचा पीएच बहुधा साडेसातच्या वर. त्यामुळे किटवर ०.५ दिसलं तर 'थोडंच आहे' म्हणून सोडू नका. बोअरच्या गरम पाण्यात तेवढंच माशाची भूक मारायला पुरतं.

उलटं टोक गाठतात ते सगळं पाणी आरओचं भरणारे. आरओच्या पाण्यात पीएच धरून ठेवणारे क्षार जवळपास नसतात. जिवाणू अमोनिया पचवताना उरलेसुरले क्षारही वापरतात, काही महिन्यांत पीएच ६च्या आसपास घसरतो आणि जिवाणूंचं कामच थांबतं. मासा खात नाही, पाणी मात्र काचेसारखं स्वच्छ दिसतं. इथे सगळ्यात मोठी चूक म्हणजे घाबरून अर्धी टाकी बोअरच्या पाण्यानं बदलणं. पीएच एकदम ८कडे जातो, साठलेला निरुपद्रवी अमोनियम विषारी अमोनियात बदलतो आणि मासा त्याच संध्याकाळी उलटा तरंगतो. अशा टाकीत जेवण पूर्ण बंद, रोज फक्त ५ ते १० टक्के पाणी, आठ-दहा दिवस. पीएच दिवसाला ०.२-०.३पेक्षा जास्त चढू द्यायचा नाही. नेहमीसाठी अर्धं आरओ आणि अर्धं नळाचं पाणी पुरेसं असतं. आरओ मशीनमधून बाहेर जाणारं पाणी वाया जातं म्हणून ते टाकीत घालणारेही आहेत. त्यात सगळे क्षार एकवटलेले असतात, ते फरशी पुसायला वापरा.

उन्हाळा

मे-जूनमध्ये प्रश्न फिरतो. ३० अंशांपर्यंत भूक वाढत जाते, ३२च्या पुढे ती कोसळते. कारण प्राणवायू. २० अंशांना लिटरभर पाण्यात जास्तीत जास्त ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना ७.६ आणि ३४ अंशांना ७.१. आणि ही झाली कमाल मर्यादा. गच्च भरलेल्या टाकीत प्रत्यक्षात त्याहून कमीच. त्यात शरीराची गरज उष्णतेनं वाढलेली असते आणि मोठा घास पचवताना ती आणखी वाढते, कधी दुप्पटही होते. प्राणवायू पुरणार नाही म्हणून मासा जेवण टाळतो. मरळ किंवा गार (लांब चोचीसारख्या तोंडाचा मासा) वर येऊन हवा घेऊ शकतात, म्हणून त्यांची भूक टिकते. डॅटनॉइड (पट्ट्यांचा टायगर फिश), पीकॉक बास, रे (चपटा स्टिंगरे) यांना ती सोय नाही, ते आधी जेवण सोडतात. एकाच टाकीत गार मासा खातोय आणि डॅटनॉइड नाही, असं दिसलं तर आजार शोधण्याआधी एअर पंप वाढवा.

गार करण्यासाठी सगळे बर्फाच्या बाटल्या टाकतात. एक लिटर बर्फ वितळून त्याचं पाणी तापेपर्यंत जेवढी उष्णता शोषतो त्यानं ६०० लिटर पाणी ०.२ अंशांपेक्षाही कमी उतरतं. एका अंशासाठी पाच-सहा बाटल्या लागतील, आणि बाटलीशेजारून जाणाऱ्या माशाला तेवढा झटका बसेल. त्यापेक्षा बाष्पीभवन वापरा. एक लिटर पाणी उडून जाताना याच टाकीतून जवळपास एक अंश घेऊन जातं. झाकणाच्या जागी घट्ट बसणारी जाळी लावा (अरोवाना उडी मारतो, जाळीला क्लिपा हव्यातच) आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका सोडा. लू चालू असताना हवा कोरडी असते, तेव्हा हा उपाय सहज २ ते ४ अंश उतरवतो. खोलीत कूलर असेल तर खोली गार होते पण हवा दमट झाल्यानं बाष्पीभवन मंदावतं; खिडकी उघडी राहू द्या. जुलैत पावसाची दमट हवा आली की पंख्याचा उपयोग जवळपास संपतो आणि तेव्हा पाण्याची उसळी व एअर स्टोन हाच आधार. उडालेल्या पाण्याची भरपाई आरओच्या पाण्यानं करायची, कारण क्षार उडत नाहीत, मागे राहतात.

गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी ४० अंशांच्या पुढे सहज जातं. १५० लिटर ४२ अंशांचं पाणी ३० अंशांच्या ४५० लिटरमध्ये मिसळलं तर टाकी ३३ला पोचते. उन्हाळ्यात पाणी पहाटे बदला आणि जेवणही पहाटे साडेसहा-सातला द्या, तेव्हा पाणी दिवसातलं सगळ्यात गार असतं.

वीज गेली तर इन्व्हर्टरवर आधी एअर पंप ठेवा. ५-१० वॅटचा पंप रात्रभर चालला तरी बॅटरीला जाणवत नाही. ३०० वॅटचा एक हीटर १५० अँपिअर-तासांची बॅटरी चार-पाच तासांत संपवतो. कॅनिस्टर फिल्टर (बंद डब्याचा) दोन-तीन तासांपेक्षा जास्त बंद राहिला तर वीज येताच आपोआप सुरू होऊ देऊ नका. आत अडकलेल्या पाण्यातला प्राणवायू संपून जिवाणू मरू लागलेले असतात आणि ते सडकं पाणी थेट टाकीत फेकलं जातं. डबा उघडा, पाणी गटारात ओता, स्पंज आणि सिरॅमिकच्या रिंगा टाकीच्याच पाण्यात विसळा, मग चालू करा. नळाखाली धुतलं तर क्लोरीन उरलेले जिवाणूही मारतं आणि तिसऱ्या दिवशी मासा जेवण सोडतो.

तिघरा धरणाचं पाणी नळाला येतं तेव्हा त्यात क्लोरीन असतंच, वास आला नाही तरी. १ मिलिग्रॅम क्लोरीनसाठी साधारण ७ मिलिग्रॅम हायपो (सोडियम थायोसल्फेटचे स्फटिक) लागतो, म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन धरलं तर १५० लिटर पाण्याला १ ग्रॅम. पावसाच्या सुरुवातीला गढूळ पाणी येतं त्या दिवसांत दीड ते दोन ग्रॅम घ्या. स्फटिक मगभर पाण्यात विरघळवून ड्रममध्ये टाका, टाकीत कोरडे टाकू नका. कॅटफिश दाणे समजून गिळतो.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो: डासांची फवारणी. त्या स्प्रेमधलं पायरेथ्रॉइड माशांना अतिशय विषारी आहे आणि एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. दिवाळीच्या रंगकामाच्या वासाचंही तेच. पंप दुसऱ्या खोलीत ठेवून नळी आत आणा.

नकार कसा आहे ते बघा

पाणी बरोबर आहे, तरी खात नाही. आता माशाकडे बघायचं, आणि इथे घाई करू नये, कारण नकाराचे तीन प्रकार आहेत आणि प्रत्येकाची वाट वेगळी.

पहिला: घास पडला तरी मासा वळून बघत नाही. रंग फिका किंवा काळवंडलेला, पर मिटलेले. हा पाण्याचा, भीतीचा किंवा आतल्या आजाराचा नकार. निरोगी असताना माशाचे कल्ले ३० सेकंदांत किती वेळा उघडतात हे एकदा मोजून टाकीच्या मागे लिहून ठेवा. आजचा आकडा त्याच्या दीडपट असेल तर प्राणवायू, अमोनिया किंवा कल्ल्यांवरचे परजीवी, याच क्रमानं शोधा.

दुसरा: मासा धावत येतो, वास घेतो, वळून जातो. हा बहुधा निवडीचा नकार. तब्येत ठणठणीत असते, त्याला काल मिळालेलं काहीतरी आज हवं असतं. जिवंत माशांवर वाढवलेल्या अरोवानाचं हे हमखास लक्षण.

तिसरा: तोंडात घेतो, चघळतो, थुंकतो. पुन्हा घेतो, पुन्हा थुंकतो. याला भूक आहे, गिळता येत नाही. कोळंबीच्या डोक्याचा काटा किंवा छोट्या कॅटफिशच्या पराचा काटा घशात अडकलेला असतो, जबडा काचेवर आपटून सुजलेला असतो, किंवा दाणे खवट झालेले असतात. बॅटरीचा प्रकाश टाकून तोंड उघडतानाचा व्हिडिओ मोबाईलवर हळू वेगात काढा, घशातला काटा बऱ्याचदा त्यातच दिसतो. आणि दाण्यांचं पाकीट हुंगा. मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत उघडं राहिलेल्या पाकिटातलं माशाचं तेल महिन्याभरात खवट होतं. लहान पाकीट घ्या, हवाबंद डब्यात गार जागी ठेवा, उघडल्यापासून दोन महिन्यांत संपवा. बरणीतून सुटे मिळणारे दाणे घेऊ नका, ते कधी उघडले हे कुणालाच ठाऊक नसतं.

काही नकार अगदी नैसर्गिक असतात, त्यांना हात लावायचा नाही. नर अरोवाना अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळतो आणि त्या काळात खात नाही. सिल्व्हर अरोवानात हे दीड-दोन महिने चालतं. घसा खाली लोंबलेला दिसतो. ऑस्करची जोडी दगड घासून साफ करू लागली किंवा फ्लॉवरहॉर्नची मादी नळी बाहेर काढून खड्डा खणू लागली तर चार-सहा दिवस उपास ठरलेला. नवी टाकी, नवा शेजारी, जागा हलवली, शेजारून वरातीचा डीजे गेला: यानंतर अरोवानाला एक ते तीन आठवडे लागू शकतात, डॅटनॉइडला त्याहून जास्त. दिवे मंद ठेवा, तीन बाजू झाका, माणसांची वर्दळ कमी करा.

वय सगळ्यात जास्त विसरलं जातं. १० सेंटिमीटरचा ऑस्कर दिवसातून तीनदा खातो, कारण तो वाढतोय. ३० सेंटिमीटरच्या, अर्धा-पाऊण किलोच्या ऑस्करला दिवसाला वजनाच्या एक टक्का, म्हणजे ५ ते ७ ग्रॅम दाणे खूप झाले, तेही आठवड्यातून पाचच दिवस. अर्धा मीटर ओलांडलेला रेडटेल आठवड्यातून दोनदा खाऊन सुखात राहतो. (तो एक मीटरच्या पुढे जातो आणि घरातल्या कुठल्याही टाकीत मावत नाही, म्हणून तो घेऊच नये, हे माझं ठाम मत. घेतलाच असेल तर तिघऱ्यात किंवा चंबळमध्ये सोडू नका. तिथे घडियाल आणि तिथलेच मासे राहतात.) लोक दोन वर्षांच्या माशाकडून सहा महिन्यांच्या पिल्लाची भूक मागतात आणि न मिळाल्यावर औषध शोधतात.

चांगल्या अंगाचा प्रौढ ऑस्कर दोन आठवडे, मोठा अरोवाना तीन-चार आठवडे न खाता राहू शकतो. पिल्लांना मात्र चार-पाच दिवस म्हणजे धोका. दिवस मोजण्यापेक्षा अंग बघा: वरून पाहिल्यावर पाठ चाकूच्या धारेसारखी दिसू लागली, डोकं धडापेक्षा मोठं वाटू लागलं, पोट आत गेलं, की खरी काळजी.

जिवंत माशांची सवय सोडवताना

गोल्डफिश आणि कार्प कुळातल्या माशांमध्ये थायमिनेज नावाचं द्रव्य असतं, ते ब-१ जीवनसत्त्व मोडून टाकतं. महिनोन्महिने गोल्डफिशवर ठेवलेल्या माशात ब-१ संपतं आणि त्याचं पहिलं लक्षण म्हणजे भूक जाणं. पुढे तोल जातो, मासा गिरक्या घेतो. भूक गेली म्हणून मालक आणखी गोल्डफिश टाकतो आणि चक्र घट्ट होतं. फ्रीझरमध्ये ठेवून थायमिनेज मरत नाही, शिजवल्यावर मरतं. शिवाय दुकानातले दहा-दहा रुपयांचे फीडर मासे परजीवींनी भरलेले असतात. चिकनची कलेजी आणि बकऱ्याचं हृदयही रोज देऊ नका. त्यातली चरबी माशाला नीट पचत नाही, यकृतावर बसते.

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या कितीतरी मराठी घरांत फ्रीजमध्ये मासळी ठेवता येत नाही, आणि सणावारी कोळंबी मिळतही नाही. त्या घरांसाठी दाण्यांवर आणलेला मासा ही सोयीची आणि माशाच्या तब्येतीचीही गोष्ट आहे. पाकिटावर पहिला घटक मासळीची पूड हवा, प्रथिनं ४० टक्क्यांच्या वर.

सवय बदलायची रीत अशी. मासा २० सेंटिमीटरपेक्षा मोठा आणि अंगानं भरलेला हवा, पाणी २७-२८. पाच दिवस काही द्यायचं नाही. सहाव्या दिवशी सोललेल्या, डोकं काढलेल्या कोळंबीचा डोळ्याएवढा तुकडा लांब चिमट्यात धरून फिल्टरच्या धारेत हलवायचा, म्हणजे तो जिवंत वाटतो. दहा मिनिटांत घेतला नाही तर बाहेर काढायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पुन्हा विचारायचं नाही. कोळंबी घ्यायला लागला की तुकड्याला चीर देऊन आत एक दाणा लपवा. मग दर तीन-चार दिवसांनी प्रमाण बदला: तीन तुकडे एक दाणा, बरोबरीनं, एक तुकडा तीन दाणे. घरात कोळंबी चालत नसेल तर फ्रीझ-ड्राइड क्रिल (कोळंबीसारखे बारीक समुद्री जीव, सुकवलेले) पाच मिनिटं भिजवून वापरा. दाणा माशाच्या तोंडाच्या ठेवणीप्रमाणे घ्या: अरोवानाचं तोंड वर उघडतं, त्याला तरंगणारा, कॅटफिशला बुडणारा, डॅटनॉइडला सावकाश खाली जाणारा. शेजारी दाणे खाणारा एखादा पॅरट किंवा सिल्व्हर डॉलर मासा असेल तर काम निम्म्या वेळात होतं, स्पर्धेनं भूक जागी होते. लसणाच्या रसाचे दोन थेंब दाण्यांना लावले तर काही मासे लवकर येतात, पण त्यानं आजार बरा होत नाही. सगळ्यात अवघड टप्पा आठवा ते बारावा दिवस. घरातलं कुणीतरी कळवळून एक गोल्डफिश टाकतं आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

तोंड उघडून जबरदस्तीनं भरवणं टाळा. कल्ले फाटतात, मासा हाताला घाबरायला लागतो आणि पुढचे आठवडे वाया जातात.

आजाराबद्दल थोडक्यात. पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा आणि डोक्यावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसले तर आतड्यातल्या हेक्सामिटा या परजीवीचा संशय घ्या. मासा वेगळ्या टाकीत, पाणी ३० अंश, मेट्रोनिडॅझोल २५० मिलिग्रॅमची एक गोळी ४० लिटरला, एक दिवसाआड तीनदा, प्रत्येक वेळी आधी चौथा हिस्सा पाणी बदलून. शक्यतो पशुवैद्याला विचारून. मासा अजून थोडं खात असेल तर औषध दाण्यांतून दिलेलं जास्त लागू पडतं. पोट फुगलेलं, विष्ठा बंद, खवले मात्र सपाट असतील तर वेगळ्या टबात १०० लिटरला ३० ग्रॅम एप्सम सॉल्ट, दोन-तीन दिवस. खवले उभे राहिले असतील तर ते बद्धकोष्ठ नव्हे, मूत्रपिंडं हरलेली असतात. टाकीत बारीक खडी, रबरी सक्शन कप किंवा प्लास्टिकची रोपं असतील तर रेडटेलनं त्यातलं काही गिळलंय का ते मोजून बघा. हे मासे बऱ्याचदा दोन-तीन दिवसांत वस्तू स्वतःच उलटून टाकतात; तळ रिकामा ठेवला की प्रश्नच मिटतो.

भूक परत आली की पहिल्या दिवशी नेहमीच्या चौथा हिस्सा द्या, एकाच वेळी. दुसऱ्या दिवशी काही नाही, विष्ठा बघायची. ती तपकिरी आणि भरीव असेल तर तिसऱ्या दिवशी निम्मं, आणि आठवडाभर तिथेच थांबायचं. लांब उपासानंतर आतडं आकसलेलं असतं आणि फिल्टरही उपाशी असतो, दोघांनाही तेवढा वेळ लागतो. सहाव्या दिवशी अमोनिया पुन्हा मोजा. शून्य असेल तरच ताट पूर्ण करा.